अति तेथे पापुद्रा

वस्तरा ही एक पोलादी पाचर आहे. एका कडेला पाठ, सुमारे ५ मिलिमीटर जाड. दुसऱ्या कडेला धार, म्हणजे जवळजवळ काहीच नाही. न्हाव्याचा जन्म या 'जवळजवळ काहीच नाही'ची निगा राखण्यात जातो. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार एकदमच टेकतात, त्यामुळे धारेचा कोन कारागिराला ठरवावा लागत नाही. तो सोलिंगेनच्या किंवा शेफील्डच्या कारखान्यातून ठरून आलेला असतो आणि १६-१७ अंशांच्या आसपास भरतो. स्वयंपाकघरातल्या सुरीचा कोन याच्या जवळपास दुप्पट. विळीच्या कोनाविषयी विधान करणे धोक्याचे आहे. तो घरोघरी वेगळा असतो आणि प्रत्येक घराला आपलाच बरोबर वाटतो.

या धारेला दगड जास्त लागू शकतो का, असा एक जुना वाद आहे. एक पक्ष म्हणतो, धार ती धार, जितकी लावाल तितकी थोडी. दुसरा म्हणतो, एका मर्यादेपुढे प्रत्येक फेरा धार बिघडवतो. धंद्यातला माणूस या वादात सहसा पडत नाही. त्याच्यापुढे साबण लावलेले गिऱ्हाईक बसलेले असते आणि साबण वाळायच्या आत दगड बाजूला ठेवावाच लागतो. प्रश्न पडतो तो निवृत्त माणसाला, आणि जबलपुरात त्यांचा तुटवडा नाही. १९०४ साली इथे तोफगाड्यांचा कारखाना निघाला, पुढे खमरियाचा दारूगोळ्याचा, मग लष्करी वाहनांचा. मिलिमीटरच्या शतांशासाठी तीस-पस्तीस वर्षे झिजलेल्या फिटरला निवृत्तीनंतर माळ्यावरच्या ट्रंकेत वडिलांचा वस्तरा सापडला, की पुढे काय होणार हे त्याच्या आधी त्याच्या बायकोला कळते.

गढा हे या शहराचे जुने अंग. गोंड राजांची ही राजधानी. त्यांचा मदनमहाल अजूनही काळ्या-करड्या शिळेवर बसून खालच्या वस्तीकडे पाहतो. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे राज्य सागरच्या मराठ्यांनी घेतले, १७९८ मध्ये पेशव्यांनी नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि डिसेंबर १८१७ मध्ये ते इंग्रजांच्या हाती पडले. मधल्या वर्षांत या मुलखात मराठी कारकून, शिलेदार आणि भिक्षुक आले. त्यांच्याबरोबर शेंडी आणि घेराही आला. घेरा राखायचा म्हणजे त्याच्याभोवतीचे सगळे डोके ठरावीक दिवसांनी गुळगुळीत हवे. इतिहासाची पुस्तके स्वाऱ्या आणि तह सांगतात. इतकी डोकी नेमाने कोणी भादरली याचा हिशेब ती ठेवत नाहीत.

डोक्यावरचे काम गालापेक्षा अवघड. तिथली कातडी हाडावर ताणलेली असते, खाली मऊ गादी नसते, त्यामुळे धारेतली खरखर लगेच कळते. याचा सर्वांत प्रामाणिक परीक्षक नर्मदेवर ग्वारीघाटाला सापडतो. तिथे जावळे काढण्यासाठी लांबून माणसे येतात, आणि जावळाचे गिऱ्हाईक धारेविषयीचे आपले मत अजिबात लपवत नाही. मोठी माणसे डोळ्यांत पाणी आले तरी "छान झाली" म्हणतात.

आता दगड. दगडांचे ऐश्वर्य पाहायचे तर गढ्याचा पंचक्रोशीत हात धरणारा गाव नाही. मदनमहालाच्या टेकड्या ग्रॅनाइटच्या. पलीकडे भेडाघाटला संगमरवराचे कडे. जवळच्या टेकड्यांवर काळा कातळ, त्याच्याखाली लमेटा घाटावरून नाव पडलेले थर. त्याच थरांत १८२८ साली कॅप्टन स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याला डायनोसॉरची हाडे सापडली. नर्मदेच्या पात्रात अकीकाचे गोटे. एवढा सगळा संसार, आणि त्यातला एकही दगड वस्तऱ्याच्या कामाचा नाही. ग्रॅनाइटचे कण मोठे. त्यावर वस्तरा घासला तर करवत मिळेल. संगमरवर पोलादापुढे इतका मऊ की पात्याऐवजी तोच झिजतो. अकीक कठीण आणि गुळगुळीत, पण तो पोलाद कापत नाही, फक्त चोळतो. चमक येते, धार येत नाही. ज्या प्राण्यांची हाडे इथे सापडली त्यांना दाढी नव्हती, म्हणून ही गैरसोय इतकी कोटी वर्षे कोणाच्या लक्षात आली नसावी.

खऱ्या उपयोगाचा दगड म्हणजे कुरुंद. कठिणतेत तो हिऱ्याच्या खालोखाल, आणि जुन्या रेवा संस्थानात तो निघे. त्याचा भुगा लाखेत कालवून शिकलगार सहाणेचे चाक बनवत. लाख इथल्या जंगलातली, कुरुंद शेजारच्या संस्थानातला, चाक ओढायला एक पोरगा, असा तो स्वदेशी कारखाना. खांडा पडलेला वस्तरा या चाकावर सरळ होई. मात्र चाकावरून उतरलेल्या वस्तऱ्याने लगेच दाढी करणाऱ्याला पुन्हा गिऱ्हाईक म्हणून येण्याची इच्छा राहत नसे. शेवटचा हात बारीक दगडावरच मारावा लागतो. इकडे न्हाव्याच्या धोपटीतल्या त्या दगडाला सिल्ली म्हणतात. जगातले नावाजलेले बारीक दगड तीन ठिकाणचे: बेल्जियमच्या आर्देन डोंगरातला पिवळा, ज्यात गार्नेटचे सूक्ष्म कण असतात, जर्मनीतल्या थुरिंगियाचा करडा, आणि जपानात क्योटोजवळच्या डोंगरांतला. त्यांच्या किमती अशा की ते विकत घेतल्यावर माणसाने दाढी वाढवणेच परवडते.

कारखान्यात बनवलेल्या दगडांना नंबर असतात. पात्याचे दोन्ही उतार जुळवायला १०००चा, मग ४००० ते ८०००, आणि शेवटी १२०००चा, ज्याचा कण एक मायक्रॉनच्या आसपास असतो. दाढीचा केस साधारण १०० मायक्रॉन जाड. चांगल्या वस्तऱ्याची धार एक मायक्रॉनपेक्षाही बारीक.

प्रत्यक्ष काम दिसायला सोपे आहे. दगडावर पाण्याचा किंवा तेलाचा थेंब पडतो. (थुंकीचीही परंपरा दीर्घ आहे; उल्लेख पुरे.) धार पुढे, पाठ मागे अशी ठेवून वस्तरा तिरका सरकतो, टोकाला पोचला की पाठीवर पालथा होतो आणि परत येतो. पालथा पाठीवरच करायचा. धारेवर उलटवणाऱ्याने नव्या वस्तऱ्याचे पैसे बाजूला काढून ठेवावेत. सुरुवातीला बोटांना खरखर जाणवते आणि आवाज रेतीसारखा येतो. मग आवाज मऊ होतो. पाते दगडाला किंचित चिकटल्यासारखे वाटते, धारेच्या पुढे पाण्याची एक बारीक लाट चालू लागते, आणि थोड्या वेळाने ती लाट पुढे पळण्याऐवजी पात्यावरच चढते. उतार दगडावर सपाट बसला आणि धार टोकापर्यंत पोचली, याची ही खूण. जाणता कारागीर इथे चार हलके फेरे मारतो आणि दगड पुसून ठेवतो. निवृत्त फिटर इथे चहा मागवतो आणि खरे काम आता सुरू झाले असे मानतो.

त्यानंतर घडते ते असे. दोन उतार एका रेषेत भेटले की धार पूर्ण झाली. पुढचा प्रत्येक फेरा दोन्ही बाजूंचे पोलाद थोडे थोडे काढतो आणि ती रेषा पाठीच्या दिशेने मागे सरकते. पोलाद जर भूमितीच्या पुस्तकातले असते तर एवढेच झाले असते: वस्तरा अरुंद होत गेला असता आणि धार शेवटपर्यंत उत्तम राहिली असती. पहिल्या पक्षाचे म्हणणे इतपत खरे आहे. पण इतक्या लहान कोनात, टोकाशी पोलाद कागदाहून कितीतरी पातळ होते आणि दगडाचा दाब आला की घासले जाण्याऐवजी पलीकडे वाकते. उलट्या फेऱ्यात ते अलीकडे वाकते. असे वाकत वाकत धारेच्या टोकाला एक पापुद्रा तयार होतो. तो पोलादाचाच असतो, धारेच्या जागीच असतो, फक्त त्याला आधार नसतो.

हा पापुद्रा मोठा फसवा. मनगटावरचे केस तो नुसत्या स्पर्शाने उडवतो. पाहणारे वाहवा करतात, धार लावणाऱ्याची छाती फुगते. पहिला गाल लोण्यासारखा साफ होतो. दुसऱ्या गालावर पापुद्रा दुमडतो, मग जागोजागी तुटतो, आणि धारेच्या जागी दात उरतात. मदनमहालाजवळ एका शिळेवर नखाएवढ्या जागेत तोल सांभाळून बसलेली दुसरी प्रचंड शिळा आहे. २२ मे १९९७ च्या भूकंपात शहरातली घरे पडली, ती हलली नाही. पापुद्र्याला हनुवटी ओलांडता येत नाही.

तेव्हा दुसरा पक्षही खरा. मात्र त्याचे निदान थोडे चुकते. तो फेरे मोजतो; दोष बहुतेक वेळा दाबाचा आणि दगडाच्या भरड कणाचा असतो. भरड दगडावर जोर लावून मारलेले वीस फेरे जे नुकसान करतात ते बारीक दगडावर वस्तऱ्याच्या स्वतःच्या वजनाने मारलेले दोनशे फेरे करत नाहीत. त्या दोनशेंनी फार तर वेळ जातो, आणि निवृत्त माणसाकडे तो असतो. गढ्यासारख्या ठिकाणी ओट्यावर बसून हे चालले असेल तर कोणीतरी जाता जाता "बस करो बड्डे, पत्थर मर जाएगा" असे म्हणण्याचा संभव असतो. या सल्ल्यातही तथ्य आहे. एकाच जागी घासल्याने दगड मध्ये खोलगट होतो, आणि खोलगट दगडावर सपाट धार येत नाही. काचेवर पॉलिशपेपर ठेवून दगडच घासून सपाट करावा लागतो. म्हणजे आता धार लावायच्या वस्तूला धार लावणे आले. निवृत्तीची आणखी दोन वर्षे मार्गी लागतात.

पापुद्रा डोळ्यांना दिसत नाही, पण नखाला कळतो. अमेरिकेतल्या न्हावीकामाच्या जुन्या पाठ्यपुस्तकांनी हे शास्त्र नीट मांडले आहे. अंगठ्याचे नख ओले करून त्यावरून धार अगदी अलगद ओढायची. बोथट धार नुसती घसरते. चांगली धार नखात हलकेच रुतते आणि एकसारखी पुढे जाते. जाडीभरडी धार झटके देत चालते. जास्त घासलेली धार नखाला नको इतकी चिकटते आणि कर्कश खरखर करते. कुठे खांडा असेल तर मध्येच दरी लागते. ही परीक्षा वाचून लगेच करू पाहणाऱ्यांनी 'अगदी अलगद' हे दोन शब्द पुन्हा वाचावेत आणि तुरटीचा खडा जवळ ठेवावा.

उपायही त्याच पुस्तकांत आहे आणि तो अपमानास्पद वाटावा इतका सोपा आहे. वस्तरा दगडावर उलटा, म्हणजे धार मागे ठेवून, तिरका एक-दोनदा ओढायचा. पापुद्रा गळून पडतो. मग पुन्हा थोडे फेरे, हलक्या हाताने, आणि थांबायचे. आठवडाभराचे कर्तृत्व दोन फेऱ्यांत उतरते, म्हणून हौशी माणूस हा उपाय सहसा शेवटी करतो. आधी तो नवीन दगड विकत घेतो.

दगडानंतर चामडे. हिंदी मुलखात त्याला चमोटा म्हणतात. दगडावर धार पुढे चालते, चामड्यावर पाठ पुढे आणि धार मागून येते. ज्याने हा फरक विसरून हात चालवला त्याचे चामडे कापले जाते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तो इतिहास समोर टांगलेला दिसतो. साधे चामडे पोलाद जवळजवळ काढत नाही. वापरून इकडेतिकडे झुकलेले टोक ते सरळ करते. इथेही अति होते, पण उलट्या दिशेने. पट्टा सैल धरला, किंवा त्याला पॉलिशची लुकण फासून रोज घासत राहिले, की टोक पातळ होण्याऐवजी गोल होते. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांनी पट्ट्याचाही खर्च वाचवला. ते तळहातावर वस्तरा पाजवत. तळहाताला सैल पडण्याची सोय नसते, आणि तिथे चूक झाली तर शिकवणी वेगळी लावावी लागत नाही.

धारेच्या परीक्षांत हौशी लोक लोंबता केस धारेवर टेकवून पाहतात, मनगट भादरतात, एक मनगट संपले की दुसरे. यांतली एकही परीक्षा इंग्रजी छावण्यांतल्या परीक्षेच्या जवळ येत नाही. हिंदुस्थानातल्या गोऱ्या शिपायांच्या आठवणींत पलटणीचा न्हावी येतो: पहाटे, बिगूल व्हायच्या आधी, कंदिलाच्या उजेडात तो बराकीतून फिरे आणि झोपलेल्या शिपायांची दाढी ते झोपेत असतानाच करून पुढच्या खाटेकडे जाई. जबलपूरही अशाच छावण्यांपैकी एक. गिऱ्हाईक जागे झाले नाही म्हणजे धार चांगली. ते जागे झाले असते तर न्हाव्याच्या हाती वस्तरा आणि शिपायाच्या उशाशी बंदूक असा प्रसंग होता, म्हणून ही परीक्षा दोन्ही बाजूंनी गांभीर्याने घेतली जात असावी.

या धंद्यातले सर्वांत मोठे नाव कदाचित याच टापूतले. संत सेना न्हावी यांना एक परंपरा बांधवगडच्या राजाच्या पदरी नेते, आणि बांधवगड जबलपूरच्या ईशान्येला, फार लांब नाही. महाराष्ट्रातली कथा त्यांना बेदरच्या दरबारी नेते. भजनात गुंग झालेल्या सेनांना दरबारी जायला उशीर झाला, तेव्हा विठ्ठलानेच त्यांचे रूप आणि त्यांची धोपटी घेऊन राजाची हजामत केली, असे वारकरी सांगतात. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज प्रतिबिंब दिसले. धारेविषयी राजाने तक्रार केल्याचे कोणत्याही परंपरेत नाही. सेनांनी वस्तरा आदल्या दिवशीच लावून ठेवला असणार आणि वेळीच थांबले असणार. देवाला त्या गर्दीत दगड काढायला वेळ कुठला?

धार वापरून का जाते, हेही पुष्कळ काळ नीट माहीत नव्हते. केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, तरी तो पोलाद कसा बिघडवतो? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये 'सायन्स'मध्ये उत्तर दिले. त्यांनी केस कापताना पाते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. केस वाकून तिरका लागला आणि तिथे पोलादाची घडण एकसारखी नसली, की धारेचा बारीक टवका उडतो. धार घासली जात नाही, टवके उडून जाते. दाढीपूर्वी केसात पाणी मुरवावे हा न्हाव्याचा आग्रह त्यामुळे शास्त्रीय ठरतो. बिनपाण्याने केलेली हजामत गिऱ्हाइकाइतकीच वस्तऱ्यालाही भोवते. वस्तरा 'थकतो' आणि त्याला विसावा द्यावा, ही समजूतही जुनी. विलायतेत श्रीमंतांसाठी आठवड्याच्या सात दिवसांचे सात वस्तरे एका पेटीत मिळत. आपल्याकडे वस्तऱ्याला पंचांगाने सुट्टी दिली: उत्तरेकडे मंगळवारी दुकान बंद, महाराष्ट्रात सोमवारी.

हीच विद्या न्हाव्याच्या दुकानाबाहेरही चाले. वनस्पतिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला देठाचे पातळ छेद वस्तऱ्याने घेत. गढ्याला वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणच्या विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळांत ऊतींचे ५ मायक्रॉनचे छेद घेणारी जाड पोलादी पाती असत, आणि ती दगडावर लावून चामड्यावर फिरवणारा एक अनुभवी सहायक असे. त्याने जास्त घासले की छेदावर ओरखडे उमटत. तिथला पेशंट ओरडत नसे, पण प्राध्यापक ओरडत. आता तिथे फेकून द्यायची पाती आली.

न्हाव्याच्या दुकानातही तीच आली. १९८० नंतर एड्सची धास्ती पसरली आणि एकच वस्तरा सगळ्या गालांवर फिरवणे लोकांना नकोसे झाले. आज गढ्यात काय आणि गिरगावात काय, न्हाव्याच्या हातात दिसतो तो वस्तऱ्याच्या आकाराचा दांडा; त्यात साध्या ब्लेडचा अर्धा तुकडा अडकवलेला असतो. त्याला दगड लागत नाही, चमोटा लागत नाही, आणि अति धार लावण्याचा प्रश्न तर मिटलाच. प्रश्न उरतो तो एवढाच की अर्धे पाते आपल्यासमोर मोडले की आधीच्या गिऱ्हाइकाचे तसेच राहिले. खुर्चीत बसल्यावर मोबाइल खिशात ठेवावा, आणि साबण लागण्यापूर्वी ते पाहून घ्यावे.